दोन बोटं कमी

बावधनला अम्युझमेंट पार्क नाही. वाईजवळच्या बावधनला बगाड आहे, मुळशीतल्या आमच्या बावधनच्या वाट्याला चांदणी चौक आला. माणसाला उंचावर नेऊन तिथे काही काळ अधांतरी ठेवायची सोय दोन्हीकडे आहे, फक्त आमच्याकडे तिला देवाचा आधार नाही. 2022च्या ऑक्टोबरात जुना पूल स्फोटकं लावून पाडला, 2023च्या ऑगस्टात नवा उघडला, आणि तेव्हापासून कुठल्या रॅम्पवर चढलं की कुठे उतरायला होतं, हा खेळ बिनतिकिटाचा चालू आहे. तिकिटाच्या खेळांसाठी लोणावळा, खोपोली गाठावं लागतं, आणि तिकडे जाणाऱ्या बसगाड्या रविवारी सकाळी ह्याच चौकाच्या कडेला माणसं गोळा करत उभ्या असतात. शाळेची ट्रिप, कंपनीची टीम आउटिंग, एखादं भिशी मंडळ. संध्याकाळी ओल्या टॉवेलांच्या पिशव्यांसकट ही मंडळी परततात तेव्हा राइड कशा होत्या, पाणी किती स्वच्छ होतं आणि आत समोसा केवढ्याला पडला याचा सविस्तर अहवाल मिळतो. तिथे राबणाऱ्या माणसांच्या वाट्याला मात्र एकच वाक्य येतं. ‘स्टाफ अगदी टापटीप होता’, नाहीतर ‘स्टाफला काही मॅनर्सच नाहीत हो, एक जण हसेल तर शपथ.’ माझा वाद ह्या वाक्याशी आहे. पार्कातल्या कर्मचाऱ्याने कसं दिसावं याबद्दल आपली मतं कडक इस्त्रीची असतात. त्याचं काम काय, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते राइडवरच्या माणसाचं मुख्य काम एकच असतं: पैसे मोजून आलेल्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणं. त्याचे कपडे, दाढी, चेहरा यांबद्दलचा प्रत्येक नियम ह्या ‘नाही’ला बळ देतो की ते पातळ करतो, एवढ्यावरच जोखायला हवा.

हे ‘नाही’ किती अवघड आहे ते पाहायचं तर राइडच्या तोंडाशी उभी केलेली उंचीची पट्टी पाहावी. आपल्याकडची मुलं पार्काच्या आवारात दिवसभरात अनेकदा वाढतात आणि आखडतात. तिकीट खिडकीपाशीही अशीच एक खूण असते, तिच्याखाली डोकं गेलं तर तिकीट कमी. तिथे आई मुलाच्या खांद्यावर हलकेच हात ठेवते, मुलगा गुडघ्यात वाकतो आणि त्याची मान स्वेटरात बुडवावी तशी आत जाते. अर्ध्या तासाने तोच मुलगा मोठ्या राइडच्या पट्टीपाशी येतो. आता बूट आतून उंच होतात, टाचा जमिनीवरून सुटतात आणि केस बोटांनी उभे केले जातात. समोर विशी-बाविशीचा एक मुलगा असतो, सकाळपासून उन्हात उभा, गळ्यात आयडीचा पट्टा. तो म्हणतो, “काका, दोन बोटं कमी आहे. नाही बसवता येणार.” ह्यावर जे सुरू होतं ती निव्वळ घासाघीस असते. “अहो, मागच्या वर्षी बसला होता.” मागच्या वर्षी तो ह्याहून बुटका असणार, हे कुणाच्या लक्षात येत नाही. “मी शेजारी बसतो ना, धरून ठेवतो.” मग “तुमच्या मॅनेजरला बोलवा.” आणि शेवटी आजीचं, सगळ्यात धारदार: “लेकराचं तोंड बघ रे बाबा!” ह्या आजीला नकार देऊन पुढच्या माणसाकडे वळायचं, तेही आवाज न चढवता, याला मी व्यावसायिकता म्हणतो. त्या वेळी त्याची दाढी कालची आहे की आजची, याने त्या मुलाच्या जिवाला काही फरक पडत नाही.

ह्या टापटिपीचं मूळ पीठ अर्थात डिस्नेचं. 1955मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं आणि जगभरच्या पार्कांना दिसण्याचा धडा मिळाला. तिथे नोकराला नोकर म्हणत नाहीत, पात्र म्हणतात; गणवेशाला वेशभूषा म्हणतात, आणि गिऱ्हाइकाच्या नजरेत येणारी प्रत्येक जागा हा रंगमंच. पुरुषांनी मिशी ठेवायची नाही असा नियम तिथे कित्येक दशकं होता. मिशी 2000 साली मोकळी झाली, दाढीला 2012पर्यंत थांबावं लागलं आणि तिलाही पाव इंचाची मर्यादा पडली. अंगावरचं गोंदण दिसलं तरी चालेल हे ठरायला 2021 उजाडलं. मालक वॉल्ट डिस्ने यांना स्वतःला जन्मभर मिशी होती, म्हणजे त्यांना त्यांच्याच पार्कात आइस्क्रीमच्या गाडीवर नोकरी मिळाली नसती. 1992मध्ये पॅरिसजवळ डिस्नेचं पार्क उघडलं तेव्हा हीच नियमावली पाहून फ्रेंच कामगार संघटना खवळल्या होत्या. एवढं सगळं खरं असलं तरी ह्याच डिस्नेने नोकरांना शिकवलेला प्राधान्यक्रम आपण नीट वाचत नाही. तो कित्येक वर्षं असा होता: आधी सुरक्षितता, मग सौजन्य, मग देखावा आणि शेवटी कामाचा वेग. देखावा तिसरा. चाळीस माणसांची रांग तुंबली असेल आणि एकाचा पट्टा नीट बसला नसेल तर रांग तुंबू द्यायची, असा त्याचा अर्थ. जगाने ह्या यादीतलं तिसरं कलम तेवढं उचललं, कारण ते फोटोत येतं.

तिसऱ्या कलमाच्या आहारी गेलं की काय होतं, याचा थोडा विचार करू. जहाजाच्या आकाराचा पाळणा आहे, म्हणून तिथल्या मुलाला समुद्री चाच्याचा पोशाख दिला. डोक्याला काळं फडकं, एका डोळ्यावर पट्टी, कमरेला प्लास्टिकची तलवार. दुपारचा एक वाजलाय, कोकणाच्या तोंडाशी असलेल्या हवेत तो पोशाख अंगाला चिकटलाय. समोर कोथरूडचे एक गृहस्थ आले. हा त्यांना विचारतो, “काका, बीपीचा त्रास नाही ना? हार्टचं काही?” एका डोळ्याच्या लुटारूने आपल्या हृदयाची चौकशी करावी आणि आपण त्याला खरं उत्तर द्यावं, एवढी निरागसता पुणे जिल्ह्यात शिल्लक नाही. काका हसून आत जाणार. त्याच जागी साधा निळा शर्ट, पायात बंद बूट आणि छातीवर मोठ्या देवनागरी अक्षरांत ‘सुरक्षा’ लिहिलेला माणूस उभा असता, तर काकांनी निदान काकूंकडे एकदा पाहिलं असतं.

हसऱ्या चेहऱ्याची सक्ती तर मला सरळ सरळ भीतीदायक वाटते. खांद्यावरून सेफ्टी बार खाली येतो, खट् आवाज होतो, तो माणूस बार दोनदा ओढून पाहतो आणि त्याच वेळी आपल्याकडे बघून गोड हसतो. का हसतोय? आपल्याकडे कामात असलेला माणूस हसत नाही, ही पिढ्यानपिढ्यांची खूण आहे. बँकेतला कॅशियर नोटा मोजताना हसला तर आपण नोटा परत मोजून घेतो. सुई टोचताना हसणारी नर्स कुणालाच नको असते. पट्टा तपासणाऱ्याच्या कपाळावर एक बारीक आठी असावी, तोंडातल्या तोंडात तो काहीतरी मोजत असावा, आणि आपण काही विचारलंच तर ‘थांबा जरा’ म्हणून त्याने आपल्याला गप्प करावं. मग आपण निश्चिंत मनाने किंचाळायला मोकळे. ‘एक जण हसेल तर शपथ’ ही तक्रार म्हणून सांगितली जाते, पण जीव मुठीत धरून बसलेल्याने ती शिफारस म्हणून ऐकावी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. लोक आनंद विकत घ्यायला येतात, तिथे आंबट चेहऱ्याची माणसं उभी केली तर धंदा कसा चालणार? आक्षेपात तथ्य आहे, पण तो कुणाला लागू करायचा हे ठरवावं लागेल. नाटकाचं वेड असलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. पात्रं रंगून येतात, गातात, मुजरे करतात. पण पडदा ओढणाऱ्याला कुणी रंग लावत नाही, आणि त्याने मध्येच विंगेतून डोकावून प्रेक्षकांकडे पाहून हसलेलं कुठल्याही मालकाने खपवून घेतलं नसतं. मिरवणुकीत नाचणारा, मुलांशी हात मिळवणारा, अस्वलाच्या कातड्यात घामाघूम होणारा तो नट. त्याने जरूर हसावं, कातड्याच्या आत दिसत नसलं तरी. बटणापाशी उभा असलेला माणूस पडदा ओढणारा आहे. दोघांना एकच नियमावली लावणं हीच मुळात चूक.

शिवाय आनंद आणि टापटीप यांचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नाही, याला जत्रा साक्षी आहेत. चैत्रात मुळशी-मावळात गावोगावचे उरूस सुरू झाले की आकाशपाळणे उभे राहतात. पाळणेवाला बनियनवर असतो, खांद्यावर गमछा, कानावर विडी. मौत का कुआँमधला मोटरसायकलवाला उभ्या भिंतीवर हात सोडून गाडी चालवतो, लोकांनी पुढे केलेल्या दहा-वीसच्या नोटा वरच्या वर खेचून घेतो, आणि त्याच्या शर्टाची वरची तीन बटणं बहुधा जागेवर नसतात. लोकांच्या आनंदात यामुळे तसूभर उणं येत नाही. जत्रेतला पाळणा सुरक्षित असतो असं मात्र मी म्हणत नाही. त्या बनियनवाल्याला कुणी ‘नाही’ म्हणायला शिकवलेलं नसतं, शेवटचा पाळणा भरल्याशिवाय त्याला परवडतही नसतं. काळजी करायची ती याची. दुसऱ्या टोकाला, 2019च्या जुलैत अहमदाबादच्या कांकरियाला उंच झुलणारी राइड तुटून दोन माणसं गेली. ते जत्रेचं मैदान नव्हतं, शहराच्या मधोमध असलेलं रीतसर तिकिटाचं ठिकाण होतं. त्यानंतर पोलिसांनी चालकांना पकडलं ते देखभालीतल्या हयगयीसाठी, कुणाच्या दाढीसाठी नव्हे.

म्हणजे पोशाखाचे नियमच नकोत का? हवेत, पण त्यांना कारण हवं. 1948च्या कारखाना कायद्यातलं 22वं कलम मला यासाठी फार आवडतं. चालू यंत्राला हात लावायची वेळ आली तर तो माणूस खास शिकवलेला असावा, त्याचे कपडे अंगासरशी तंग असावेत, आणि हे कपडे मालकाने पुरवावेत, असं ते सांगत होतं. शर्टाचा सोगा पट्ट्यात अडकू नये, बस. रंग कुठला, भांग कुठल्या बाजूला, हे कलमाला माहीत नाही. याच्या शेजारी आपल्याकडचे अलीकडचे नियम ठेवून पाहा. एअर इंडियाने 2022मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांसाठी जी नियमावली काढली तिच्यात टिकली अर्ध्या सेंटिमीटरहून मोठी नको आणि डोक्यावर मैदान पडू लागलेल्या पुरुषांनी पुरता गोटा करावा असं असल्याचं बातम्यांत आलं. विमान हवेत अडकलं तर टिकलीने काय बिघडतं, हे त्यात नव्हतं. 2024च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने शिक्षकांना जीन्स, टी-शर्ट बंद करून शर्ट इन करायला सांगितला, आणि डॉक्टरांच्या नावाआधी जसं ‘डॉ.’ तसं शिक्षकांनी ‘टि’ लावावं असंही सुचवलं. ज्याला वर्गात पोरं ऐकतात त्याला ‘टि’ लागत नाही, आणि ज्याला ऐकत नाहीत त्याला अख्खी बाराखडी लावली तरी उपयोग नाही.

कारण असलेला नियम कसा पाळला जातो, याचं उदाहरण आमच्या मुळशी-मावळाने मुंबईला दिलं आहे. मुंबईचे डबेवाले बहुतेक ह्याच पट्ट्यातले: मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर. त्यांच्या डोक्यावरची पांढरी टोपी हा नियम आहे, आणि ती विसरली तर दंड बसतो. दंड मालक लावत नाही, कारण मालकच नाही. त्यांचे तेच लावतात. लोकलच्या गर्दीत डोक्यावर डब्यांचा हारा घेऊन धावणाऱ्या माणसाला वाट मिळते ती ह्या टोपीमुळे, अनोळखी बिल्डिंगच्या दारात ‘कोण तुम्ही?’ असं विचारलं जात नाही तेही तिच्यामुळे. टोपी मळली असेल, चुरगळली असेल, तरी ती काम करते. डबेवाल्याने हसावं असा नियम कुणी केल्याचं ऐकिवात नाही, आणि डबा त्यामुळे थंड पोचल्याचीही तक्रार नाही.

आता दुसरा आक्षेप, आणि तो मला बावधनमध्येच चालताना दिसतो. गणवेशाने माणसाच्या ‘नाही’ला बळ येतं असं मी म्हणतो, मग आमच्या सोसायट्यांच्या फाटकांवरच्या वॉचमनचं काय? त्याच्या खांद्यावर दोरीचा गोफ असतो, छातीवर बिल्ला, कमरेला रुंद पट्टा, डोक्यावर दोन नंबर मोठी टोपी. एनडीएचा रस्ता जवळून जातो म्हणून असेल, पण काही फाटकांवर परेडचीच तयारी वाटते. खाजगी रक्षकांनी लष्कराचा किंवा पोलिसांचा भास होईल असा पोशाख घालू नये, नाहीतर शिक्षा होईल, असं 2005च्या कायद्याला मुद्दाम लिहावं लागलं, यावरून ही हौस देशव्यापी दिसते. एवढा थाट असून गाडीची काच चार बोटं खाली करून कुणी ‘बी विंग’ एवढंच म्हटलं की फाटक उघडतं. आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर गणवेशात नाही, पगार देणाऱ्यात आहे. अशाच एका वॉचमनने नियमावर बोट ठेवून एकदा चेअरमनच्या जावयाची गाडी अडवली होती. दुसऱ्या दिवशी एजन्सीला फोन गेला आणि फाटकावर नवा माणूस आला. ही कथा कुठल्याही सोसायटीची असू शकते, म्हणून कुणाचीच नाही. पार्कातही तेच. मॅनेजर येऊन ‘बसू दे रे, एवढं काय, पाहुणे आहेत’ म्हणाला, की त्या मुलाच्या शर्टावरचं ‘सुरक्षा’ हे नक्षीकाम होऊन जातं. पुढच्या वेळी तो पट्टीकडे पाहणार नाही, मॅनेजरच्या तोंडाकडे पाहील.

वॉटर पार्कात तर गंमत उलटी आहे. तिथे पोशाखाचे नियम नोकरांपेक्षा गिऱ्हाइकांना जास्त असतात, आणि ते सांगायचे नोकरांनी. पाण्यात उतरायचं तर नायलॉनचा कॉस्च्युम हवा, सुती चालणार नाही. ह्याला कारणं आहेत: सुताचे धागे सुटून गाळण्यांत जातात, भिजलेला सैल कपडा घसरगुंडीवर जड होतो, अडकतो. पण दारावर नुसती पाटी असते, कारण लिहिलेलं नसतं. मग बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट घालून आलेले एक आजोबा आणि शिट्टी गळ्यात घातलेला लाइफगार्ड यांच्यात संवाद होतो. “आजोबा, बनियन चालत नाही.” “का? पंढरपुरात चालतं.” याला पोराकडे उत्तर नसतं. चंद्रभागेला फिल्टर नाही, असं म्हणायचं धाडस त्याला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नसतं. शेवटी आजोबा भाड्याचा जांभळा कॉस्च्युम घेतात, डिपॉझिट भरतात आणि तो घालून बाहेर येतात तेव्हा आजी दुसरीकडे पाहतात. डिस्नेलँडने 1960च्या दशकात लांब केसांच्या पोरांना दारातूनच परत पाठवलं होतं. त्यांना निदान घरच्या कपड्यांत परत जाता आलं.

सगळेच नियम उडवून लावायचा माझा विचार नाही. खाद्यपदार्थांच्या खिडकीमागे डोक्याला जाळी हवी, नखं कापलेली हवीत, बोटात अंगठी नको. 2011चे अन्नसुरक्षेचे नियम हेच सांगतात आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. अंगाला वास येऊ नये हेही मान्य. पण कंत्राटावर आलेल्या मुलाला वर्षाला दोन शर्ट द्यायचे, पावसाळ्यात खोपोलीला ते चार-चार दिवस वाळत नाहीत हे माहीत असून सकाळच्या हजेरीला कॉलर नाकाजवळ नेऊन पाहायची, आणि इस्त्रीचे पैसे त्याच्याच खिशातून जाऊ द्यायचे, हा टापटिपीचा धडा मला उलटा वाटतो. कायद्याने तंग कपडे मालकाने द्यावेत म्हटलं होतं. इस्त्रीचा उल्लेख राहून गेला.

राहता राहिला एक माणूस, ज्याच्याकडून चेहऱ्याची शिस्त मागायला माझी हरकत नाही. राइड संपते त्या वाटेवर फोटोचा काउंटर असतो. पाळणा वरून सुटतो त्या क्षणी वर बसवलेला कॅमेरा सगळ्यांचे फोटो काढतो आणि ते खाली पडद्यावर लागतात. काउंटरवरच्या मुलीसमोर दिवसभर हेच: बँकेच्या निवृत्त शाखाधिकाऱ्याचं उघडं तोंड, त्यातून वरच्या ओळीचे दात निघण्याच्या बेतात, कंपनीचा व्हाइस प्रेसिडेंट शेजारच्या ट्रेनी मुलाच्या दंडाला दोन्ही हातांनी लोंबकळलेला, आणि मघाशी ‘मी धरून ठेवतो’ म्हणणारे काका, डोळे गच्च मिटून ‘आई’ म्हणताना. ते सगळे आता केस नीट करत तिच्यासमोर येऊन उभे राहतात आणि गंभीरपणे विचारतात, “केवढ्याला हो?” ती पडद्याकडे पाहते, काकांकडे पाहते, आणि ओठ न हलवता म्हणते, “काका, फ्रेमसकट देऊ?”